परत घ्या

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत):

ताई, मी सांगलीची. वय 51. शिवणकाम करते आणि बावीस वर्षं हौशी नाटकात काम करते. चौदा महिन्यांपूर्वी माझी लेक गेली. वीस वर्षांची होती. डेंग्यूचं निमित्त झालं, पाच दिवसांत सगळं संपलं. ती आमच्याच ग्रुपमध्ये लाइट बघायची. शेवटची दोन वर्षं मी स्टेजवर आणि ती मागं बूथमध्ये, असं आमचं चाललं होतं. ताप आला त्या संध्याकाळी मी तिच्या कपाळाला हात लावून बघितलं, गोळी दिली आणि तालमीला गेले. सासरची माणसं म्हणतात, “नाटकाच्या याडापायी पोर घालवली.” ग्रुपमधली म्हणतात, “बालगंधर्वांकडं बघा, लेक गेली तरी प्रयोग केला. तुम्ही पण उभ्या राहा.”

यंदा राज्य नाट्य स्पर्धेला आमचा ग्रुप जे नाटक करतोय, त्यात मूल गमावलेल्या आईची मोठी भूमिका आहे. दिग्दर्शक म्हणतात, “तुला अभिनय करायची गरजच नाही. फक्त आठव. हे काम नंबर काढणार.” मिस्टर काही बोलत नाहीत, रोज संध्याकाळी घाटावर जाऊन बसतात. मला रडू येईल म्हणून घरात तिचं नाव कुणी घेत नाही. खरं सांगते, ही भूमिका मला करावीशी वाटते, आणि तसं वाटतं याची लाजही वाटते.

अजून थिएटरात गेले की मान वळून बूथकडं जाते. दोनदा तिचा आवाज ऐकलाय, “आई, लाइट घे.” कधी वाटतं आपणही तिच्यामागं जावं. तिची क्यूची वही, कुठल्या वाक्याला कुठला लाइट हे टिपलेली, माझ्याकडं आहे. ग्रुपला ती फ्रेम करून तालमीच्या हॉलमध्ये लावायची आहे. वहीत दोन-तीन ठिकाणी ‘आ. थां.’ असं लिहिलंय, त्याचा अर्थ मला लागत नाही. आता लाइट बघणारा मुलगा तिच्याच हाताखाली शिकला. तो परवा म्हणाला, “काकू, तुमच्यावर लाइट टाकताना माझा हात थरथरतो.” मी काय करू?

— एक आई


उत्तर:

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही आवाज खाली घेऊन लिहिलंय. “आपणही तिच्यामागं जावं.” लिहिलंत आणि लगेच वहीवर आलात. मी सोळा वर्षं प्रॉम्प्टर होते. कोण कुठलं वाक्य गिळतंय हे ऐकणं हेच माझं काम होतं, त्यामुळे आधी त्या वाक्याकडे वळते.

लेकरू गेलेल्या आईला असं वाटतं. माझ्यासमोर बसलेल्या अशा बऱ्याच आयांनी हे कधी ना कधी म्हटलंय. बहुतेकींना ‘मरावं’ असं म्हणायचं नसतं, ‘ती आहे तिथं आपण असावं’ असं म्हणायचं असतं. पण या दोहोंच्या मधला पडदा पातळ असतो. कसं जायचं, कधी जायचं, असलं काही मनात येऊ लागलं, तर ते एकटीनं वागवायचं नाही. मिस्टरांना उठवा. 14416 हा टेली मानसचा नंबर लावा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. तसं काही मनात नसलं, तरी या आठवड्यात एका माणसाला हे वाक्य तोंडानं सांगा. सदराला पत्र लिहिलंत ते बरं केलंत, पण माझं उत्तर तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर पंधरवडा जातो. एवढं थांबू नका.

वर्ष उलटलं, आता सावरायला हवं, असंही कुणी ऐकवत असेल. लांबलेल्या शोकाचा आजार अशी नोंद मानसोपचाराच्या वर्गीकरणात 2022 पासून आहे, हे खरं. पण नुसते महिने मोजून ती लावत नाहीत. रोजचं जगणंच ठप्प झालंय का, हे त्यात बघतात. तुम्ही शिवताय, थिएटरात जाताय, स्वतःच्या इच्छेची लाज वाटण्याइतक्या जाग्या आहात. तरी एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटून या. मी लांबून पत्र वाचून सांगते आहे. ते समोर बसवून बघतील.

आता तो तापाचा पहिला दिवस.

डेंग्यूचा पहिल्या दिवसाचा ताप आणि साधा व्हायरलचा ताप कपाळाला हात लावून वेगळा ओळखता येत नाही. आईला नाही आणि डॉक्टरलाही नाही. डेंग्यू बहुतेक वेळा घात करतो तो ताप उतरू लागतो तेव्हा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे. रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरायला लागतं आणि रक्तदाब कोसळतो. घरातली माणसं ‘उतरला बाई एकदाचा’ म्हणून सुस्कारा सोडतात, नेमकी तीच वेळ. त्या पहिल्या संध्याकाळी तुम्ही घरी थांबला असतात तर काय केलं असतं? कपाळाला हात लावला असता, गोळी दिली असती, मऊ भात टाकला असता आणि झोप म्हणाला असतात. यातलं बहुतेक सगळं तुम्ही केलंच होतं.

समजा त्या संध्याकाळी तालीम नव्हती आणि तुम्ही दळण आणायला गिरणीत गेला होतात. मग सासरची माणसं “दळणापायी पोर घालवली” म्हणाली असती का? नसती म्हणाली. म्हणजे त्यांचा राग त्या संध्याकाळचा नाही. तो नाटकाचा आहे आणि बावीस वर्षांचा जुना आहे. सून रात्री दहाला तालमीवरून येते, याचा तो राग. त्याला आता बोलायला निमित्त मिळालं. त्यांचीही नात गेली आहे, त्यांनाही कुणावर तरी खापर फोडायचं आहे, हे मी समजू शकते. पण ते खापर तुम्ही हात पुढं करून झेलायची गरज नाही.

दुसऱ्या बाजूचं बोलणं मला जास्त टोचलं, कारण ती आपली माणसं. सांगलीत नाटकाचा अभिमान कृष्णेच्या पाण्यातूनच अंगात जातो. विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 ला ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथं. ‘मानापमान’ लिहिणारे खाडिलकर इथले. बालगंधर्व तर नागठाण्याचे म्हणून आपल्या घरचेच. त्यामुळे ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाची गोष्ट इथल्या तालमीत केव्हा ना केव्हा निघतेच. तारीख 12 मार्च 1911, मुंबई. बालगंधर्वांची थोरली मुलगी गेलेली. मंडळी म्हणतात प्रयोग रद्द करू. नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, म्हणतात नको, आणि नायिका भामिनी म्हणून उभे राहतात. तिच्यामागोमाग विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट येते. तमाशा चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर गेल्या.

मीही ही गोष्ट सांगितलेली आहे. एका नव्या मुलीचे आजोबा जाऊन तीन दिवस झाले होते, तिला प्रयोग पुढं ढकलायचा होता, आणि मी तिला विंगेत गाठून बालगंधर्व ऐकवले होते. ती उभी राहिली. प्रयोग चांगला झाला. ती त्यानंतर आमच्याकडे परत कधी आली नाही.

ही गोष्ट आपल्याला सांगतं कोण, ते बघा. ज्यांचा प्रयोग बुडाला असता, ते. त्या रात्री त्या मुलीच्या आईनं काय केलं, हे मला आजवर एकाही तालमीत कुणी सांगितलेलं नाही. बापाला निदान रात्रभर भामिनी होता आलं. शालू होता, दागिने होते, समोर प्रेक्षक होते, साथीला वाद्यं होती. आईनं कोण व्हायचं?

आणि गोष्ट सांगायचीच असेल तर पुरती सांगावी. त्या रात्री बालगंधर्वांना मूल गेलेल्या आईचं काम करायचं नव्हतं. भामिनी ही श्रीमंताघरची, मानी, लाडात वाढलेली मुलगी. गैरसमज होतात, वेषांतर होतं, शेवटी सगळं गोड होतं. म्हणजे त्या रात्री ते दुःखापासून लांब गेले. तुमचा ग्रुप बालगंधर्वांचं नाव घेऊन तुम्हाला नेमकं उलट करायला सांगतोय. मूल गेलेल्या आईचं काम त्यांनी केलं, ते ‘एकच प्याला’त. सिंधूचं तान्हं मूल दारूच्या नशेतल्या बापाच्या हातून मरतं. ते नाटक रंगभूमीवर आलं 1919 साली. मधल्या आठ वर्षांत त्यांनी काय काय सोसलं याचा हिशेब मी मांडत नाही आणि यावरून काही सिद्धही करत नाही. पण मधे आठ वर्षं होती. तुमच्या बाबतीत चौदा महिने झालेत.

आता दिग्दर्शकाचं वाक्य. “तुला अभिनय करायची गरजच नाही, फक्त आठव.” बावीस वर्षं काम केलेल्या बाईला हे कौतुक म्हणून ऐकवलं असेल, तर ते तसं नाही. ‘तू नट आहेस’ हे त्यात काढून घेतलंय आणि फक्त ‘तुझी लेक मेली आहे’ एवढंच ठेवलंय. त्याच्यापुढचं वाक्य ‘हे काम नंबर काढणार’ हे आहे, हेही विसरू नका. मी त्यांना दुष्ट म्हणत नाही. स्पर्धेची तारीख जवळ आली की भल्याभल्या दिग्दर्शकांना समोरच्या माणसात फक्त ‘मटेरियल’ दिसायला लागतं. मी पाहिलेत.

स्वतःच्या आठवणीतून भावना उपसायची एक पद्धत आहे, आणि न्यूयॉर्कचा ली स्ट्रासबर्ग हा तिचा सगळ्यात कट्टर गुरू. तोसुद्धा विद्यार्थ्यांना सांगायचा, निदान सात वर्षं जुनी आठवण घ्या. ताजी घेऊ नका, ताजी तुमच्या ताब्यात राहत नाही. आणि ज्या रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीचं नाव घेऊन हे सगळं चालतं, तो स्वतः उतारवयात आठवणी उकरण्यापेक्षा कृतीवर भर देऊ लागला होता. पात्र नेमकं काय करतं ते करा, भावना त्याच्यामागून येते. तुमच्या दिग्दर्शकांनी यातलं अर्धंच कुठल्यातरी शिबिरात ऐकलेलं दिसतंय.

ते राहू द्या, तालमीचा हिशेब करू. स्पर्धेच्या नाटकाला चाळीसएक तालमी होतातच. मुलाची बातमी कळते तो प्रवेश नाटकाचा कणा असणार, म्हणजे रोज दोनदा-तीनदा तो व्हायचा. शंभर वेळा धरा. तुम्ही आठवाल. दवाखान्यातला तो कॉरिडॉर आठवाल. मधेच कुणाचा मोबाइल वाजेल, चहावाला पोऱ्या दारात उभा राहील, पंख्याचा आवाज येतो म्हणून कुणी बटण बंद करायला उठेल. आणि खुर्चीतून आवाज येईल, “छान होतं. परत घ्या.”

परत घ्या! शंभर वेळा!

एक प्रसंग सांगते. मी विंगेत संहिता घेऊन बसले होते आणि स्टेजवरच्या बाईंना खरं रडू फुटलं. कारण मला माहीत होतं, तिथं बाकी कुणाला नव्हतं. पुढच्या चार ओळी मी दिल्या, त्यांच्यापर्यंत एकही पोचली नाही. गळा खरा भरून आला की शब्द घशातच राहतात. मागच्या रांगांना काही ऐकू गेलं नाही. तरी टाळ्या पडल्या, कारण खरं रडणं पुढच्यांना दिसलं. प्रयोगानंतर त्या मेकअप रूममध्ये तासभर भिंतीला टेकून बसून होत्या. बाहेर सामान चढवलेली गाडी उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्या हॉर्नचा आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

तेव्हा माझं उत्तर सरळ आहे. ही भूमिका यंदा नको.

आता तुमची ती लाज. भूमिका करावीशी वाटते यात लाजण्यासारखं काहीच नाही. ती का करावीशी वाटते, याचं उत्तर मला तुमच्याच पत्रातल्या एका ओळीत सापडलं. ‘घरात तिचं नाव कुणी घेत नाही.’ नवरा घाटावर, सासरची माणसं दोष देण्यात गुंतलेली, ग्रुपला बालगंधर्व हवेत. लेकरासाठी मोठ्यानं हंबरडा फोडायला परवानगी असलेली गावात एकच जागा उरली, ती म्हणजे स्टेज. तिथं रडलं तर कुणी ‘उगी उगी’ म्हणणार नाही, उलट गप्प बसून बघतील. कुणालाही ती जागा हवीशी वाटेल. पण त्या जागेचं भाडं फार आहे. तिथं तुम्हाला ठरलेल्या वाक्यावर, ठरलेल्या उजेडात, दुसऱ्यानं लिहिलेल्या मुलासाठी रडावं लागेल. आणि परीक्षक त्याला मार्क देतील.

तेव्हा जागा दुसरी करा. पहिली जागा जेवणाचं ताट. आज रात्री जेवताना तिचं नाव तुम्हीच घ्या. ‘हिला ही भाजी अजिबात आवडायची नाही,’ एवढं साधं. रडू येईल, येऊ द्या. ताट बाजूला सरकवा, रडा, मग पुन्हा जेवा. दोन-तीनदा असं झालं की घरातल्यांना कळेल, नाव घेतल्यानं तुम्ही मोडत नाही. मग तेही घेतील.

मिस्टरांबद्दल फार लिहीत नाही. गप्प बसणाऱ्या माणसाला दुःख नाही असं समजू नका, एवढंच. एका संध्याकाळी भडंगाची पुडी घेऊन घाटावर जा आणि शेजारी बसा. बोलायला लावू नका.

दिग्दर्शकांना काय सांगायचं? “यंदा मी हे काम करणार नाही. कपडेपट बघते, नाहीतर प्रॉम्प्टिंग द्या.” एवढंच. कारण देऊ नका. कारण दिलं की ते कारणाशी वाद घालतात. ‘तुझ्याशिवाय कोण करणार’ असं म्हणतील. कुणीतरी करेल. सांगलीत ते काम करणारी बाई मिळणार नाही, असं होत नाही. नाटक मात्र सोडू नका. सासरच्यांना बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही. तुमची लेक आणि तुम्ही जिथं एकत्र होतात, ती जागाही गेली तर मग काय राहिलं?

हे सगळं ऐकूनही भूमिका घ्यायचीच ठरवलीत, तर मी तुमच्याशी भांडायला येणार नाही. तुमचा जीव, तुमची कला. पण मग तुमच्या लेकीचं काहीही त्या नाटकात जाता कामा नये. तिचं नाव नाही, तिची ओढणी नाही, तिची बोलायची लकब नाही. त्या आईचं मूल वेगळं, संहितेतलं, त्याला वेगळा चेहरा द्या. तो प्रवेश तालमीत रोज एकदाच, हे आधीच ठरवून घ्या आणि ‘परत घ्या’ आलं की नाही म्हणा. दुसरी बाई पाठ करून तयार ठेवायला सांगा, म्हणजे प्रयोगाच्या दिवशी नको वाटलं तर पाय अडकणार नाही. तालीम संपली की साडी बदला, तोंड धुवा, एकटीनं घरी जाऊ नका. यातली एकही गोष्ट दिग्दर्शकांना जड वाटली, तर काय ते तिथंच समजा.

मान बूथकडं वळते त्याबद्दल. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात करुण रस आणि विप्रलंभ, म्हणजे विरहाचा शृंगार, यांची फोड केली आहे. करुण निरपेक्ष, म्हणजे पुन्हा भेटीची आशा तुटलेला. विप्रलंभ सापेक्ष, म्हणजे आशा अजून धरून असलेला. शास्त्र म्हणून ठीक आहे, पण पोटचा गोळा गेलेली बाई या दोन खणांत नीट बसत नाही. डोक्याला ठाऊक असतं की आशा नाही. मानेला ते कुणी सांगितलेलं नसतं. ती वळते. वळू द्या. आवरायला गेलात तर मान आखडेल, दुसरं काही होणार नाही.

आवाज ऐकू आला म्हणून घाबरलात का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण सांगून ठेवते. वेल्समधल्या एका डॉक्टरनं जोडीदार गेलेल्या जवळजवळ तीनशे माणसांना याबद्दल विचारलं होतं. 1971 साली ते प्रसिद्ध झालं. जवळपास निम्म्यांना गेलेलं माणूस या ना त्या प्रकारे जाणवलं होतं. कुणाला नुसतं जवळ असल्यासारखं, कुणाला दिसलं, कुणाला आवाज आला. आणि त्यातल्या बहुतेकांनी ते कधी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. ती माणसं जोडीदार गेलेली होती, आया नव्हत्या, पण यात वेडेपण नाही एवढं त्यावरून कळतं. आवाज काही भलतं करायला सांगू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तुमचा आवाज काय सांगतो, तर ‘आई, लाइट घे.’ अंधारात अर्धा फूट चुकून उभ्या राहिलेल्या नटाला लाइटवाला जे सांगतो, ते. दोन वर्षं ऐकलेलं वाक्य कान इतक्यात सोडेल कशाला?

राहिली वही.

ती फ्रेम करायला देऊ नका. फ्रेम केली की एकच पान दिसतं आणि बाकीची कायमची मिटतात. शिवाय क्यूची वही बहुधा पेन्सिलनं लिहिलेली असते, हॉलच्या उजेडात दोन वर्षांत पुसट होईल. ग्रुपला एका पानाची रंगीत झेरॉक्स काढून द्या. छान दिसेल, त्यांचंही समाधान होईल. बाकी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि मूळ वही घरात, तुमचा हात पोचेल अशा जागी असू द्या.

आणि तो मुलगा. तुमच्या सबंध पत्रात तिच्याबद्दल खरं बोललेलं माणूस तो एकटाच आहे. सासरची माणसं आणि ग्रुप तुम्हाला काहीतरी सुनावतात. त्यानं फक्त स्वतःच्या हाताचं सांगितलं. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर ती दोन वर्षं बसत होती, तीही आता रिकामी आहे. त्याला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोराला ‘तुझं काय?’ असं कोण विचारतं?

‘आ. थां.’बद्दल माझा एक अंदाज आहे. सोळा वर्षं संहितेच्या समासात खुणा करण्यात गेली आहेत. पण मी ती वही पाहिलेली नाही, आणि तुमच्या लेकीचं अक्षर त्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला रविवारी घरी बोलवा. ज्या नाटकाची ती वही आहे त्याची संहिता शोधून काढा आणि वहीशेजारी ठेवा. क्यूचे नंबर लावत लावत जा. जिथं जिथं ‘आ. थां.’ येईल, तिथलं तुमचं वाक्य तुम्ही मोठ्यानं म्हणा, प्रयोगात म्हणायचा तसंच, तेवढाच श्वास घेऊन. लाइट कमी-जास्त करायच्या डिमरवर ठेवावा तसा त्यानं हात टेबलावर ठेवावा. हात कुठं थांबायचा, हे त्याला आठवेल.

चहा आधीच करून ठेवा. एकदा वाचायला बसलात की उठवणार नाही.